एका गुंठ्याची साक्ष

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या भूजल-गुणवत्ता अहवालात नायट्रेटच्या संदर्भात महाराष्ट्रातील ज्या जिल्ह्यांची नावे ठळकपणे आली, त्यांत नांदेड आहे. जिल्ह्यातून तपासलेल्या नमुन्यांपैकी मोठ्या संख्येच्या नमुन्यांत नायट्रेटचे प्रमाण लिटरला ४५ मिलिग्रॅम या मर्यादेपेक्षा अधिक आढळले. असे पाणी दिसावयास स्वच्छ असते. त्याला वास नसतो, चवही बदलत नाही. पाणी गाळून व उकळून पिण्याची शिस्त ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाळली जाते, त्यांनाही येथे दिलासा नाही. कारण नायट्रेट पाण्यात विरघळलेले असते. ते गाळण्यात अडकत नाही आणि उकळताना पाण्याची वाफ होऊन गेली तरी ते मागे राहते, म्हणजे उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण थोडे वाढतेच. मोठ्या माणसाला त्याचा त्रास सहसा लगेच जाणवत नाही. बाटलीने वरचे दूध पिणाऱ्या, सहा महिन्यांच्या आतील बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती मात्र त्यामुळे घटू शकते.

हे सारे नायट्रेट शेतातूनच येते असे म्हणणे अन्यायाचे होईल. गावातील सांडपाणी, शौचालयांचे शोषखड्डे, गोठ्यालगतचे उकिरडे यांचाही त्यात वाटा आहे. परंतु पिकाला टाकलेल्या आणि पिकाने न घेतलेल्या युरियाचा वाटा नाकारता येत नाही. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्य विद्यापीठाचे विल्यम राऊन आणि गॉर्डन जॉन्सन या दोन शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये जगभरातील तृणधान्यांचा हिशेब मांडला. टाकलेल्या नत्रापैकी सरासरी ३३ टक्केच धान्याच्या वाट्याला येते, असा त्यांचा निष्कर्ष होता. तीन गोण्यांपैकी एक दाण्यात उतरली. उरलेल्या दोहोंतील काही भाग काडात व मातीत राहतो, काही अमोनिया होऊन हवेत जातो आणि काही पाण्याबरोबर खाली झिरपतो.

मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत या गळतीला विशेष वाव आहे. येथील माती चुनखडीयुक्त आणि विम्लधर्मी. ओल्या जमिनीवर युरिया नुसता फेकला आणि तो मातीआड झाला नाही, तर अमोनिया वायूच्या रूपाने त्यातील नत्र उडून जाते. पाऊस जास्त झाला आणि शेतात पाणी तुंबले, तर मातीतील सूक्ष्मजीव नायट्रेटचे वायूत रूपांतर करतात. निचरा असेल तेथे ते पाण्याबरोबर खोल उतरते.

मग शेतकरी इतका युरिया टाकतोच का? उत्तर बाजारात आहे. २०१० मध्ये स्फुरद आणि पालाश यांच्या खतांसाठी पोषणतत्त्वांवर आधारित अनुदानाची पद्धत आली, त्या वेळी युरिया तिच्याबाहेर ठेवला गेला. त्यामुळे त्याची किंमत सरकारी नियंत्रणात जवळपास स्थिर राहिली आणि इतर खते महागली. ४५ किलोची युरियाची गोणी आजही सुमारे २६६ रुपयांना मिळते. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीला १,३५० रुपये मोजावे लागतात. युरिया टाकल्यावर आठवड्याभरात पीक काळसर हिरवे दिसू लागते. स्वस्त आणि डोळ्यांना दिसणारे, असे दुसरे खत नाही. २०१५ मध्ये सर्व युरियाला कडुनिंबाचे आवरण सक्तीचे झाले, २०१८ मध्ये गोणी ५० वरून ४५ किलोची झाली. माणूस गोण्या मोजून खत टाकतो, तेव्हा गोणीच लहान करावी, असा त्यामागील सरळ विचार. सवय मात्र फारशी हलली नाही. नांदेड-लातूरकडील ज्या घरांत आडत, कृषी सेवा केंद्र आणि वडिलोपार्जित शेती ही तिन्ही एका छपराखाली चालतात, त्यांना हे गणित दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे. ‘पीक पिवळे दिसते, काय देऊ?’ हा प्रश्न कृषी सहायकाच्या आधी दुकानदारालाच विचारला जातो.

जास्त नत्राचे दुष्परिणामही घरापर्यंत येतात. गहू माजतो आणि दाणा भरण्याच्या वेळी वाऱ्याने लोळतो. कोवळ्या, रसरशीत पानांवर मावा बसतो, मग फवारणी आली. ती फवारणी म्हणजे केवळ खर्च नव्हे, हे या अंकाच्या वाचकांना निराळे सांगावयास नको.

नत्र किती द्यावे याला एक ठराविक उत्तर असते. वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला हेक्टरी १०० ते १२० किलो नत्र, अर्धे पेरणीसोबत आणि अर्धे सुमारे तीन आठवड्यांनी, अशी शिफारस आपल्याकडे रूढ आहे. ती चुकीची नाही. ती सरासरी आहे. सरासरी पाऊस मात्र मराठवाड्यात क्वचितच पडतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये याच लातूर-नांदेडच्या शिवारांत अतिवृष्टीने उभी पिके पाण्याखाली गेली. या दोन वर्षांच्या रब्बीत मातीत शिल्लक असलेले नत्र सारखे कसे असेल? १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगढ येथून मृदा आरोग्य पत्रिका योजना सुरू झाली. ती पत्रिका उपयुक्त आहे, स्फुरद, पालाश आणि जस्तासाठी तर निश्चितच. परंतु उन्हाळ्यात काढलेला मातीचा नमुना डिसेंबरमधील नत्राबद्दल फारसे सांगू शकत नाही. नत्र हे मातीतील सर्वांत चंचल अन्नद्रव्य आहे.

म्हणून शास्त्रज्ञांनी मातीऐवजी पिकालाच विचारण्याचे ठरवले.

त्या विचारण्याचा इतिहास १९७२ पर्यंत मागे जातो. मराठवाड्याच्या स्मरणात ते दुष्काळाचे वर्ष. सुकडी आणि रोजगार हमीच्या कामांचे. त्याच वर्षी १८ मे रोजी परभणीत कृषी विद्यापीठाची स्थापना झाली, जे आज वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. आणि त्याच जुलैत अमेरिकेने एक उपग्रह सोडला, ज्याचे पुढे लँडसॅट-१ असे नामकरण झाले. त्याच्या छायाचित्रांवरून टेक्सासमधील संशोधकांनी गवताळ प्रदेशांचा अभ्यास करताना एक साधे गुणोत्तर वापरले. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते, कारण हरितद्रव्याला तो हवा असतो. डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश मात्र ते परत फेकते. पान जितके निरोगी आणि जमीन जितकी झाकलेली, तितका या दोहोंतील फरक मोठा. त्या फरकाला दोहोंच्या बेरजेने भागले की जो आकडा मिळतो, त्याला एनडीव्हीआय म्हणतात. उघड्या मातीवर तो शून्याच्या जवळपास असतो आणि दाट हिरव्या पिकावर एकाच्या दिशेने चढतो.

ओक्लाहोमातील राऊन आणि त्यांचे अभियंते सहकारी मार्विन स्टोन व जॉन सोली यांनी हा आकडा अवकाशातून जमिनीवर आणला. त्यांच्या संशोधनातून ग्रीनसीकर हा संवेदक बाजारात आला. हातात धरावयाचे त्याचे रूप पिकापासून दोन ते चार फूट उंचीवर धरून खटका दाबत चालावयाचे. चालून झाले की सरासरी आकडा दिसतो. त्याचा प्रकाश त्याचा स्वतःचा असतो, म्हणून आभाळ भरून आले तरी काम अडत नाही.

येथवर ऐकून अनेकांचा असा समज होतो की, हे यंत्र ‘इतका युरिया टाका’ असे सांगते. ते तसे सांगत नाही, आणि या विषयातील निम्मा गोंधळ याच समजातून होतो. यंत्राने ०.६० हा आकडा दाखवला, तर तो चांगला की वाईट? उशिरा पेरलेला गहू असेल तर चांगला, वेळेवरचा असेल तर वाईट. पातळ पेरणी, उघडी पडलेली काळी माती, पाण्याचा ताण या सर्वांनी आकडा खाली येतो. एकटा आकडा मुका असतो. त्याला बोलते करण्यासाठी राऊन यांनी जी युक्ती योजली, तिला एक पैचाही संवेदक लागत नाही. त्याच शेतात एक पट्टी अशी राखावयाची, जिला नत्राची कसलीच उणीव पडणार नाही. पेरणी तीच, वाण तोच, पाणी तेच. केवळ नत्र भरपूर. बाकी शेताची तुलना त्या पट्टीशी.

या पट्टीचा खर्च पाहण्यासारखा आहे. हेक्टरी १२० किलो नत्र म्हणजे एकरी सुमारे ४८ किलो, म्हणजेच गुंठ्याला १.२ किलो. युरियात ४६ टक्के नत्र असते, तेव्हा गुंठ्याला सुमारे २.६ किलो युरिया झाला. पट्टीला दीडपट द्यावयाचा तर आणखी १.३ किलो. आजच्या भावाने आठ रुपये.

उरलेल्या शेतात मात्र हात थोडा आखडता घ्यावा लागतो. पेरणीसोबतचे नत्र द्यावयाचे, मुकुटमुळे फुटण्याच्या म्हणजे अठराव्या ते एकविसाव्या दिवसाच्या पाण्याला थोडे द्यावयाचे, आणि उरलेला हिस्सा चाळिसाव्या ते पंचेचाळिसाव्या दिवसापर्यंत, पीक कांडी धरू लागेपर्यंत राखून ठेवावयाचा. पट्टीला तिचे सर्व नत्र मात्र पहिल्या पाण्यापर्यंत मिळालेले असले पाहिजे. मग दुसऱ्या पाण्याआधी दोन्ही ठिकाणी संवेदक फिरवावयाचा. समजा, पट्टीवर ०.७५ आणि शेतावर ०.७२ आला. दोहोंत फरक जवळपास नाही. शेताला मातीतूनच पुरेसे मिळते आहे आणि राखून ठेवलेली गोणी घरातच राहू द्यावी. समजा, शेतावर ०.६० आला. ०.७५ ला ०.६० ने भागले तर १.२५ येतात, पीक भुकेले आहे आणि दिलेल्या नत्राला प्रतिसाद देईल. किती द्यावे हे ठरवताना आणखी एक हिशेब होतो. पेरणीपासून पिकाला वाढीचे जितके दिवस मिळाले, त्यांनी एनडीव्हीआयला भागून अंतिम उत्पादनाचा अंदाज घेतला जातो. ज्या शेतातून मुळातच थोडे पिकणार, त्याला भरपूर खाऊ घालण्यात अर्थ नाही. हे सूत्र प्रदेशागणिक बदलते. ओक्लाहोमाचा थंडीत महिनोन्‌महिने उभा राहणारा गहू आणि नांदेडचा मार्चमध्ये कापणीला येणारा गहू यांचे गणित एक असू शकत नाही.

भारतात हे काम सर्वाधिक झाले ते लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठात. बिजय सिंह आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बागायती गव्हाला सुरुवातीला माफक नत्र देऊन पुढील हप्ता संवेदकावरून ठरवला, तेव्हा कमी नत्रात तितकेच उत्पादन आले. मराठवाड्यात या तंत्राच्या अधिक जवळ येणारी संस्था परभणीची. भारतीय कृषी अनुसंधान परिषद आणि जागतिक बँक यांच्या साहाय्याने राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पात तेथे डिजिटल शेतीचे केंद्र उभे राहिले. यंत्रमानव, ड्रोन आणि स्वयंचलित यंत्रे यांचे प्रशिक्षण तेथे विद्यार्थ्यांना मिळाले.

पट्टीचा खरा उपयोग काळ्या जमिनीत आणखी एका कारणाने आहे. पिवळे दिसणारे प्रत्येक पीक नत्राचे भुकेले नसते. नत्र कमी पडले तर आधी खालची, जुनी पाने टोकापासून मध्यशिरेच्या बाजूने पिवळी होतात. चुनखडीच्या जमिनीत लोह मिळाले नाही, तर वरची कोवळी पाने फिकट पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. गंधक कमी असेल तर कोवळे पान सरसकट फिकते. पाणी साचले, तर मुळांना हवाच मिळत नाही आणि सारे झाडच मलूल होते. संवेदकाला यांतील भेद कळत नाही. त्याच्या लेखी सर्व सारखेच फिकट. पण भरपूर नत्र दिलेली पट्टीही शेजारच्या शेताइतकीच पिवळी असेल, तर दोष नत्राचा नाही हे तत्काळ उघड होते, आणि दुकानाकडे निघालेले पाऊल युरियासाठी थांबते.

लातूरकडे ही पट्टी निराळाच प्रश्न सोडवू शकते. तेथे खरिपात सोयाबीनचे राज्य आहे. सोयाबीनच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र बांधतात, म्हणून त्यानंतरच्या पिकाला खत कमी लागते, असे सरसकट म्हटले जाते. प्रत्यक्षात बांधलेल्या नत्राचा मोठा भाग दाण्यांतून बाजारात जातो. मागे काय राहते, ते पाला किती गळला, मूळ किती राहिले आणि नंतर पाऊस किती झाला यावर ठरते. सोयाबीनवर गहू घेणाऱ्या शेतकऱ्याने हे पंचांग पाहून ठरवण्यापेक्षा पट्टीकडे पाहून ठरवणे अधिक बरे.

ज्वारीचे मात्र असे नाही, आणि येथे उत्साहाला आवर घालणे प्राप्त आहे. कोरडवाहू रब्बी ज्वारी साठलेल्या ओलीवर वाढते. तिचे सर्व खत पेरणीबरोबरच दोन चाड्यांच्या पाभरीने बियाण्याखाली पेरून द्यावे लागते, कारण पुढे वरचा थर कोरडा पडला की वर टाकलेले नत्र मुळांपर्यंत जातच नाही. महिन्याने संवेदक भूक दाखवील, पण ती भागवण्यास पाणी कोठून आणावयाचे? अशा शिवारात पट्टीचे निरीक्षण फार तर पुढील वर्षाच्या पेरणीची मात्रा सुधारण्यास उपयोगी पडेल. हंगामात हप्ते बदलण्याचा लाभ आज तरी ज्यांच्या हाती पाणी आहे त्यांनाच: विष्णुपुरी आणि इसापूरच्या कालव्यांखालील गहू, मांजराकाठची बागायत, विहिरीवरची ज्वारी. तंत्रज्ञानाच्या जाहिरातीत हे वाक्य सहसा नसते.

जाहिरातींचाच विषय निघाला, तर आणखी एका वस्तूविषयी सावध राहणे आवश्यक आहे. जमिनीत तीन-चार काटे टोचून नत्र, स्फुरद, पालाश यांचे आकडे क्षणात दाखवणारी उपकरणे आज काही हजार रुपयांत घरपोच येतात. त्यांतील बहुतेक उपकरणे प्रत्यक्षात मातीची विद्युतवाहकता मोजतात आणि तिच्यावरून तिन्ही आकडे अंदाजाने मांडतात. माती ओली असली, क्षारयुक्त असली की आकडे बदलतात. मुलाने हौसेने मागवले म्हणून त्यावर शेताचे खत ठरवू नये. मातीचा नमुना प्रयोगशाळेतच द्यावा.

ग्रीनसीकरसारखा संवेदक एका कुटुंबाने विकत घ्यावा इतका स्वस्त नाही, आणि त्याची गरजही हंगामात चार-दोन दिवसांचीच. शेतकरी उत्पादक कंपनीने किंवा गावच्या अवजार बँकेने एक घ्यावा आणि फिरवावा, हे अधिक शहाणपणाचे. तोवर दोन साधने जवळपास विनामूल्य आहेत. पहिले, पर्णरंग तक्ता. जपानमधील मूळ कल्पनेवरून फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने तो प्रचारात आणला. फिकट ते गडद अशा हिरव्या पट्ट्यांची ती प्लास्टिकची एक छोटी फूटपट्टीच. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, सूर्याकडे पाठ करून, स्वतःच्या सावलीत वरचे पूर्ण उमललेले पान तिच्यावर धरावयाचे. अशी दहा झाडे पाहावयाची. निम्म्याहून अधिक पाने ठरलेल्या पट्टीपेक्षा फिकट असतील तर हप्ता द्यावयाचा. पट्टी कोणती हे पिकानुसार ठरते. पंजाबात भाताप्रमाणेच गव्हासाठीही चौथ्या क्रमांकाची पट्टी प्रमाण मानली गेली. पाने मोजणाऱ्याने मात्र हंगामभर एकच असावे, कारण रंग ओळखण्यात दोन माणसांचे डोळे सहसा जुळत नाहीत. घरातील गृहिणी हे काम अनेकदा पुरुषांपेक्षा नेटके करतात.

दुसरे साधन आकाशात आहे. युरोपीय अवकाश संस्थेचे सेंटिनेल-२ उपग्रह २०१५ पासून दर काही दिवसांनी आपल्या डोक्यावरून जातात आणि त्यांची चित्रे सर्वांना मोफत असतात. त्यांतील एक चौकट जमिनीवर १० मीटर बाय १० मीटर असते, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटरांचा. एक एकर शेत त्या चित्रात साधारण चाळीस ठिपक्यांचे दिसते. खरिपात ढगांमुळे ही चित्रे बहुधा वाया जातात. रब्बीत आभाळ निरभ्र असल्याने मोबाईलवर शेताचा फिकट कोपरा पाहता येतो. पट्टी मात्र गुंठ्यापेक्षा बरीच मोठी, किमान तीस मीटर लांब-रुंद राखावी लागेल, नाही तर तिचा ठिपका शेजारच्या पिकात मिसळून जाईल.

नांदेड-लातूरकडे बागायती गव्हाची वेळेवर पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात होते. पट्टी आखावयाची ती त्याच दिवशी, बांधापासून आत, झाडाची सावली आणि पाण्याचा पाट टाळून. चार कोपऱ्यांवर चार खुंट्या ठोकाव्यात आणि घरातील लहान-थोर सर्वांना त्या दाखवून ठेवाव्यात. कारण पहिल्या पाण्याच्या गडबडीत गडी माणूस सवयीने साऱ्या शेताला सारखाच युरिया फेकून मोकळा होतो आणि पट्टी हरवते. तारीख, पावसाची नोंद, दोन्ही ठिकाणचे आकडे आणि शिल्लक राहिलेल्या गोण्या या चार गोष्टी दुकानाच्या रोजकीर्दीशेजारी एका वहीत लिहिल्या, तर तिसऱ्या वर्षी त्या शेताची स्वतःची शिफारस हाती येते.